पहिल्या पानाचा विमा

(निलंग्याच्या पुढचं एक खेडं. दुष्काळातलं लग्न. मांडवामागं चुलाणं पेटलेली आहेत. आचारी मडिवाळप्पा, त्याची बायको नागम्मा, आणि लातूरहून आलेला विमा कंपनीचा तरुण अधिकारी निवृत्ती.)

निवृत्ती : थांबा, थांबा. म्हणजे चव न बघताच तुम्ही एवढ्या लोकांचा स्वयंपाक करता?

मडिवाळप्पा : मग! देवाच्या आधी जिभंला लावायचं आसतंय व्हय सायेब? नैवेद्य निघाल्याबिगर चुलीवरचं काही तोंडात घालायचं न्हाई. आमच्या अप्पाच्या वेळेपासनं तसंच हाय.

निवृत्ती : मग मीठ कसं कळतं?

मडिवाळप्पा : नाक हाय की. आमटीला उकळी फुटली की वाफंवर तोंड धरायचं. मीठ कमी आसलं तर वास गुळमट येतोय, जास्ती आसलं तर नाक आकसतंय. आजवर मीठ चुकलं न्हाई माझं. उदगीरपासनं निलंग्यापातुर कुणालाबी इचारा.

निवृत्ती : आणि पंगत उठल्यावर तुम्ही जेवता तेव्हा?

मडिवाळप्पा : छ्या! दिवसभर चुलाणापुढं उभं राहिल्यावर भूक आसतीय का कुठं? धूर खाऊनच पोट भरतंय. मी लग्नातलं खातच न्हाई. घरी गेल्यावर ही भाकरी थापती, ती खातो आन् पडतो.

नागम्मा : च्या घ्या सायेब. बिनदुधाचा हाय बरं का. होतं नव्हतं तेवढं दूध हुग्गीला गेलं.

निवृत्ती : हुग्गी म्हणजे?

नागम्मा : यप्पा! कुठले म्हणायचे तुमी?

निवृत्ती : मुदखेडचा, मावशी. नांदेड जिल्हा. लातूरला बदली होऊन फार दिवस झाले नाहीत.

नागम्मा : तरीच. गव्हाची खीर ओ. कुटलेला गहू, गूळ, खसखस. हुग्गीबिगर आमच्यात लग्न लागलं तरी लागल्यासारखं वाटत न्हाई.

निवृत्ती : आमच्याकडं बुंदी. बरं मडिवाळप्पा, मला आता नीट सांगा. ह्या विम्याचं तुमच्या डोक्यात आलं कुठून? आमच्या शाखेत लोक जीपचा विमा मागतात, बैलाचा मागतात, दुकानाच्या आगीचा मागतात. जेवणाचा मागणारे तुम्हीच पहिले. आमचे साहेब म्हणाले, कागद नंतर भर, आधी तो माणूस काम कसं करून राहिला ते बघून ये.

मडिवाळप्पा : जिल्ह्यानं आणलं ओ सगळं. उस्मानाबादेतनं फुटून लातूर जिल्हा झाला तशा कचेऱ्या वाढल्या, कचेऱ्या वाढल्या तशी शिबिरं वाढली. शिबिर म्हंजे दोन भाषणं आन् एक जेवण. जेवण आलं की मडिवाळप्पा आला. दुकानावर पाटीबी लावली, 'मडिवाळप्पा केटरर्स'. सगळं आलं बघा जिल्ह्याबरोबर, पाऊस तेवढा उस्मानाबादलाच राहिला वाटतं.

निवृत्ती : तिकडंही नाही हो. चौकशी केली मी.

मडिवाळप्पा : तर परवा एका कचेरीतले मोठे सायेब म्हणले, "मडिवाळप्पा, वर्षभराचं काम तुम्हाला देतो, पण तुमचा विमा आहे का?" मी म्हणलं, हाय की, मरणाचा काढलाय. ते म्हणले, "तुमच्या मरणाचा नाही हो, आमच्या!"

निवृत्ती : बरोबर बोलले. त्याला जबाबदारीचा विमा म्हणतात. तुमच्या हातचं खाऊन कुणाला बाधा झाली, कुणाच्या अंगावर गरम आमटी सांडली, तुमच्या चुलीनं कुणाचा मांडव पेटला, आणि तो माणूस भरपाई मागायला उभा राहिला, तर ती तुमच्या वतीनं कंपनी देणार.

मडिवाळप्पा : पण माझं चुकलं आसलं तरच ना?

निवृत्ती : हो. तीच तर मेख आहे. चूक कुणाची ते आधी ठरावं लागतं.

मडिवाळप्पा : आता बघा, हितंच माझं डोस्कं फिरतंय. दुकानात रांधलं तर पाणी माझं, भांडं माझं, चूल माझी. कबूल, जिम्मेदारी माझी. पण परगावचं काम कसं आसतंय? हे हणमंतरावाच्या घरचं लग्न. पाणी टँकरचं, तेबी कुठल्या हिरीचं टँकरवाल्याला ठाव. डाळ हणमंतरावाच्या बळदातली, लाकडं भावकीतली. ताक गावानं दिलंय. मोठी डेग मठाची. मग सायेब, त्यात माझं काय? ह्ये दोन हात. आन् लोक मातुर उद्या म्हणणार, मडिवाळप्पाचं जेवण बाधलं.

निवृत्ती : हे मी लिहून घेतो. कंपनी हेच विचारणार.

मडिवाळप्पा : इचारू द्या. पण उत्तर कोण देणार?

निवृत्ती : मलाही माहीत नाही. म्हणून तर बघायला आलो. ताक गावानं दिलं म्हणजे?

नागम्मा : औंदा जनावरं राहिलीत कुणाकडं? निम्मी बाजार दाखवली, निम्मी छावणीला. हणमंतरावाकडं एकच म्हैस, ती आटलेली. मग घरोघरच्या बायांनी जमंल तसं तांब्या-तांब्या ताक आणून दिलं. कुणाच्या पोरीचं लग्न, अन् कढी न्हाई म्हणायची का? आमी यायच्या आधीच राती सगळं एकात ओतून झाकून ठेवलेलं.

निवृत्ती : चांगलं गाव आहे.

नागम्मा : गाव चांगलं हाय. आभाळ वाईट हाय.

निवृत्ती : बरं, पुढचा प्रश्न. जेवणातून कुणाला काही होऊ नये म्हणून तुम्ही खबरदारी काय घेता?

मडिवाळप्पा : ही काय, तुमच्या म्होरं उभी हाय.

निवृत्ती : कोण, मावशी?

मडिवाळप्पा : नैवेद्य निघाला, मठाच्या अय्यानं मंत्र म्हणला, की पहिलं पान हिचं. मांडवात समद्यांच्या समोर ही एकटी बसती. सगळं खाती. मग थोडं थांबायचं. हिनं उठून पानाचा इडा तोंडात टाकला की लोक समजतात, आता हरकत न्हाई. मग पंगत बसती.

निवृत्ती : म्हणजे राजाच्या आधी कुणीतरी चाखून बघायचं, तसं?

नागम्मा : राजा कुठला आलाय. पाव्हणेच की.

निवृत्ती : आणि हे किती वर्षं करून राहिलात तुम्ही?

नागम्मा : लग्न झाल्यापासनं. आधी सासूबाई बसायच्या. त्यांचे दात पडले, मग मला बसवलं.

निवृत्ती : माझ्या तर अंगावर काटा आला बघा. आणि कधी काही झालं नाही?

मडिवाळप्पा : न्हाई, तसं काही...

नागम्मा : झालं की. उदगीरला.

मडिवाळप्पा : सायबाला कशाला ते आता.

नागम्मा : इचारायलेत तर सांगते. साल झालं आसंल. उदगीरला एका व्यापाऱ्याकडं मुंज... न्हाई, आमच्यात मुंज कुठली, अय्याचार होता पोराचा. बासुंदीला दूध बाहीरनं आणलेलं. मी पान संपवलं, इडा हातात घेतला, अन् तो तोंडात टाकायच्या आधीच सगळं उलटून पडलं. मांडवातच. मग पंगत थांबवली, बासुंदी काढून टाकली, बाकीचं वाढलं. कुणाला काही झालं न्हाई.

निवृत्ती : आणि तुम्हाला?

नागम्मा : मी टेंपोत पडून होते. सांजच्याला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. इकडं मांडवात ह्यांना शाल घातली. व्यापारी म्हणला, "असा इमानदार आचारी मराठवाड्यात न्हाई." शाल चांगली हाय, हिवाळ्यात मीच पांघरते.

मडिवाळप्पा : झालं? सांगून झालं?

नागम्मा : झालं.

निवृत्ती : मडिवाळप्पा, रागावू नका, पण हे मी खबरदारीत लिहू शकत नाही. आमचे साहेब म्हणतील, निवृत्ती, तू विमा उतरवायला गेला होतास की नाटक बघायला?

मडिवाळप्पा : नका लिहू. आता ते बंदच करायचंय मला. त्यासाठीच तुमाला बोलावलं.

नागम्मा : काय बंद करायचंय?

मडिवाळप्पा : तुझं पहिलं पान. उदगीरपासनं तुला तिखट सोसत न्हाई, डॉक्टर म्हणला आतडी नाजूक झालीत. इमा झाला की कागद दाखवायचा, पंगत बसवायची. तू चुलीकडं बस निवांत.

नागम्मा : मला बोलला न्हाईत.

मडिवाळप्पा : बोललो आता.

नागम्मा : कचेरीच्या कामासाठी म्हणून सांगितलं होतं.

मडिवाळप्पा : त्यासाठीबी हाय. दोन्हीसाठी.

नागम्मा : सायेब, मग मला एक सांगा. हा कागद कुणाकुणाला लागू? म्हंजे कोण आजारी पडलं तर पैसे मिळत्यात?

निवृत्ती : जो कुणी तिऱ्हाईत आहे त्याला. आमच्या भाषेत थर्ड पार्टी. पहिला पक्ष मडिवाळप्पा, दुसरा पक्ष कंपनी, आणि तिसरा म्हणजे जेवायला आलेले सगळे. वऱ्हाडी, पाहुणे, गावकरी, घरमालक.

नागम्मा : अय्या?

निवृत्ती : स्वामीजीसुद्धा.

नागम्मा : वाजंत्रीवाले?

निवृत्ती : तेही. मडिवाळप्पांचे नोकर नाहीत ना ते.

नागम्मा : दारात येऊन जेवणारा भिकारी?

निवृत्ती : हो... यायला पाहिजे. त्यालाही वाढलंच ना तुम्ही.

नागम्मा : मग मी कितवी?

निवृत्ती : काय?

नागम्मा : पहिले हे. दुसरी कंपनी. तिसरं सगळं गाव, भिकाऱ्यासकट. मी कितवी?

निवृत्ती : मावशी, तुम्ही... थांबा हं. तुम्ही मडिवाळप्पांच्या घरच्या. म्हणजे तुम्ही पहिल्यातच धरल्या जाणार.

नागम्मा : म्हंजे मला काही झालं तर?

निवृत्ती : ह्या विम्यातून नाही. कामगारांचा वेगळा विमा असतो. तुम्हाला मडिवाळप्पा पगार देतात का?

नागम्मा : नवरा पगार देतोय व्हय कुठं? तुमी देता का तुमच्या बायकोला?

निवृत्ती : माझा सगळा तीच घेते, ती गोष्ट निराळी. पण पगार नाही म्हणजे कामगार नाही. कामगार नाही, तिऱ्हाईत नाही. अवघड आहे बुवा. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही.

मडिवाळप्पा : सायेब, कशाला कीस काढायचा? ती बसणारच न्हाई ना हितनं पुढं!

नागम्मा : तुमी गप बसा ओ, मला कळू द्या. सायेब, मी तिसऱ्यात येण्यासारखी काय वाट हाय का?

निवृत्ती : एकच दिसते. तुम्ही कामाला न जाता पाहुणी म्हणून गेलात तर. कुणी तुम्हाला आमंत्रण दिलं, तुम्ही जेवायला गेलात, तर तुम्ही तिऱ्हाईत.

नागम्मा : आवतन पायजे म्हणा की. हे बघा, निम्म्या तालुक्यातली लग्नं मी बघितली. नवऱ्या सजवल्या, ओट्या भरल्या, आहेर बघितले. पण आमच्या दारात कुणी कुंकू लावून आवतन घेऊन आलं न्हाई. लोक म्हणत्यात, आचाऱ्याला काय आवतन द्यायचं, तो तर येणारच हाय. दुसऱ्यांच्या घरी चूलबंद आवतन जातंय. आमी त्यांची चूल पेटवायला जातो.

निवृत्ती : चूलबंद तर आमच्याकडंही आहे. घरातलं कुत्रंसुद्धा जेवायला यावं, त्या दिवशी घरी चूलच पेटू नये.

नागम्मा : ते तुमच्याकडलं कुत्रंबी मग तिसऱ्यात येतंय का ओ?

मडिवाळप्पा : नागम्मा!

निवृत्ती : बोलू द्या, बोलू द्या. मला मजा येऊन राहिली. खरं तर लाजही वाटून राहिली. बरं, मला तुमची भांडी दाखवा. नुसतं कागदावर काय कळणार?

मडिवाळप्पा : या हिकडं. ही पातेली माझी. दिवाळीच्या आत कल्हई केलीया. तोंड बघा त्यात, मिशी दिसंल तुमची.

निवृत्ती : दिसते की. आणि ही मोठी?

मडिवाळप्पा : ती मठाची डेग. तांब्याची हाय. गावातल्या कुठल्याबी लग्नाची कढी हिच्यातच होती, तशी चाल हाय. ज्याच्या घरी कार्य, तो मठाला देणगी देतोय. त्यातनंच सुगीनंतर मठ कल्हई करून घेतोय.

निवृत्ती : औंदा केली का?

मडिवाळप्पा : करतच आस्त्यात दरसाल.

निवृत्ती : पण ह्या दुष्काळात लग्नं किती झाली गावात?

नागम्मा : हे पहिलंच. बाकीची समद्यांनी पुढं ढकलली.

निवृत्ती : मग देणगी कुठून आली असणार? झाकण काढता का जरा? वास घेऊन बघावं म्हणतो, तुमच्यासारखा.

मडिवाळप्पा : घ्या.

निवृत्ती : मला काही कळत नाही. ताकासारखंच येतंय. मावशी, तुम्ही काय बघून राहिलात?

नागम्मा : ताक जिथवर होतं तिथं काठाला रेघ आलीया. हिरवट.

मडिवाळप्पा : बाजूला व्हा. पळी दे नागम्मा. ढवळू दे. तळाची बाजू बघू दे... लाल. सगळी लाल. कल्हईचा ठिपका न्हाई राहिला.

निवृत्ती : म्हणजे?

मडिवाळप्पा : आंबट ताक रातभर बिनकल्हईच्या तांब्याच्या डेगीत. कळकलं सायेब. सगळं कळकलं.

निवृत्ती : उकळलं तर?

मडिवाळप्पा : उकळून किडा मरंल. तांबं कसं मरंल?

नागम्मा : थांबा. एकदम टाकू नका. घरोघरचं ताक हाय ते. लेकरांच्या तोंडचं काढून दिलंय बायांनी. थोडी कढी करा, नैवेद्य दाखवा, मी आधी खाते. मला काही झालं न्हाई तर वाढा.

मडिवाळप्पा : न्हाई.

नागम्मा : दरवेळी तेच तर करतो आपण.

मडिवाळप्पा : दरवेळी ठाव नसतंय नागम्मा! नसतंय ठाव, म्हणून बसवतो. आता डोळ्यानं बघून तुला बसवू?

नागम्मा : मग गावाला काय सांगणार?

मडिवाळप्पा : सायेब, तुमी सांगा. समजा आज माझ्याकडं कागद आसता, आन् मी ही कढी तशीच वाढली आसती, तर कंपनीनं भरपाई दिली आसती का?

निवृत्ती : तुम्हाला माहीत नसताना वाढली असती तर विचार केला असता. पण तुम्ही बघितलंय. बघून वाढली तर एक पैसा देणार नाही. जाणूनबुजून केलेल्याला विमा नाही.

मडिवाळप्पा : आसं. म्हंजे कागद आसला तरी आधी डोळ्यानं बघावंच लागतंय.

निवृत्ती : लागतंच. कागद नंतरचं बघतो, मडिवाळप्पा. आधीचं बघायला माणूसच लागतो.

मडिवाळप्पा : मांडवाच्या मागं एक खड्डा घ्यायला सांगतो पोरांना. उघड्यावर वतलं तर जनावरं तोंड लावतील. हणमंतरावाला मीच सांगून येतो. तुमी दोघं हितंच थांबा, झाकणाला कुणाला हात लावू देऊ नका.

निवृत्ती : मी येऊ का बरोबर? दोन शब्द सांगतो.

मडिवाळप्पा : नको. विम्याचं माणूस बघितलं तर त्याला वाटंल कुणी मेलंच. बसा तुमी.

नागम्मा : गेले. आता शिव्या खाऊन येतील.

निवृत्ती : मावशी, एक विचारू? खरंच बसला असता तुम्ही? हिरवी रेघ बघूनसुद्धा?

नागम्मा : बसले आसते की.

निवृत्ती : का?

नागम्मा : सवय. तुमाला सांगते, ह्यांना सांगू नका. उदगीरपासनं मला पहिला घास उचलवतच न्हाई. समदं गाव बघत आसतंय, मग मी पानावरचं मीठ-लोणचं उगं सारत बसते, मनात धा मोजते अन् घास घेते. लई भ्या वाटतंय सायेब. तोंडात काय पडलं, गोड का तिखट, ते आधी कळतच न्हाई. पोटाकडंच ध्यान.

निवृत्ती : मग त्यांना का नाही सांगत?

नागम्मा : काय सांगू? मी न्हाई बसले तर दुसरं कोण बसंल? त्यांच्याकडं आणिक हाय कोण?

निवृत्ती : त्यांनी विमा त्यासाठीच तर मागितला.

नागम्मा : हौदु, खरंय. हेच तर आज कळालं. मला वाटलं होतं, त्यांच्या ध्यानातच येत न्हाई. राग आला होता थोडा. आता तेवढा न्हाई. थोडा हाय.

निवृत्ती : थोडा असू द्या. कामाला येतो.

नागम्मा : ते बघा, आले. मान खाली हाय.

निवृत्ती : काय झालं मडिवाळप्पा?

मडिवाळप्पा : आधी लई भडकला. म्हणला, मठाच्या डेगीला नाव ठेवतोस? आजवर कुणी मेलं का? मग त्याची आई आली बाहीर, म्हातारी. ती म्हणली, "हणम्या, कढी न्हाई तर न्हाई, पाव्हणे जित्ते जाऊ दे." मग गप झाला. पोरं ताक खड्ड्यात घालायलेत. बाया बघत उभ्या हायत. एकजण डोळे पुसत होती. मला बघवलं न्हाई.

नागम्मा : मी जाते त्यांच्याकडं. बोलते.

मडिवाळप्पा : जा मग. पण आजून एक हाय. आता गावात कुजबूज सुरू झालीया. कढी कळकली तर हुग्गीचं काय, आमटीचं काय? हणमंतराव म्हणला, "मडिवाळप्पा, तुझं पहिलं पान पडल्याबिगर एक माणूस बसणार न्हाई." नैवेद्य निघालाय. अय्याबी आलेत. पाट मांडलाय.

नागम्मा : मांडलाय? बरं. चला, हात धुवून येते.

निवृत्ती : मावशी, थांबा. मी बसू का? मी थर्ड पार्टी आहे, पक्का.

मडिवाळप्पा : आन् तुमचा इमा कुठं झालाय आजून? पाव्हण्याला कुणी पहिलं बसवतंय का सायेब? कागदात कुणाकुणाला न्हाई म्हणला होता तुमी?

निवृत्ती : मावशींना नाही. आणि तुम्हालाही नाही. तुम्ही तर स्वतः पहिला पक्ष.

मडिवाळप्पा : मग झालं की. हिला न्हाई आन् मला न्हाई. हिची पाळी लई वर्षं झाली. आज मी बसतो.

नागम्मा : तुमी? रांधणारा पहिल्या पानावर? लोक हसतील.

मडिवाळप्पा : हसू द्या. हुग्गी मी केली, आमटी मी केली. तू वाढ. पळी घे हातात.

नागम्मा : घेते. चला तुमी.

निवृत्ती : मी इथूनच बघतो. बसा, मडिवाळप्पा. सगळं गाव बघून राहिलंय.

नागम्मा : मीठ वाढते. लोणचं. ही भाजी. भात. हुग्गी आता, का मागनं?

मडिवाळप्पा : आताच. वाढ सगळं. तू कशी खातेस, सगळं एकदम का एकेक?

नागम्मा : एकेक. आधी हुग्गी. म्हंजे वाईट आसलं तर लवकर कळतंय.

मडिवाळप्पा : समदे माझ्या तोंडाकडंच बघायलेत, घास उचलवंना गं. आसं होतंय व्हय ह्या पाटावर?

नागम्मा : पाणी प्या घोटभर. घाई न्हाई. बघू नका लोकांकडं.

मडिवाळप्पा : रोज?

नागम्मा : खावा.

मडिवाळप्पा : हुग्गी बरी हाय. भाजीबी बरी. आमटी वाढ... नागम्मा.

नागम्मा : काय? काय झालं? पोटात काही...?

मडिवाळप्पा : न्हाई, पोट ठीक हाय. आमटीत मीठ कमी पडलं.

नागम्मा : पानात हाय की. घ्या.

मडिवाळप्पा : कमी म्हंजे लईच कमी. आजच कसं चुकलं?

नागम्मा : आजच न्हाई. कमीच आसतंय.

मडिवाळप्पा : कवापासनं?

नागम्मा : पहिल्यापासनं. म्हणून तर पंगतीत मीठ वाढणारा दमतोय.

मडिवाळप्पा : मला वाटायचं, आपल्या भागातली माणसंच मीठ लई खात्यात. आगं मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?

नागम्मा : मला मीठ बघायला कुठं बसवलं होतं?